मी तळलेल्या चिकनचं वकीलपत्र घेतलं

लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच राहते. ओळखीची माणसं ताट घेऊन येतात, मला बघतात आणि दुसऱ्या टेबलाकडे वळतात. जी बसतात ती आधी गुलाबजाम पापडानं झाकतात. मी कुणाला काही बोलत नाही. पण एकतीस वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काढली, त्याचा दरारा निवृत्तीनंतरही उतरलेला नाही.

खरं तर आमचं काम लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. ‘हे खाऊ नका’ सांगायला शिक्षण लागत नाही, ते शेजारीणही सांगते. आजारी माणसाच्या पोटात काय, किती आणि कसं घालायचं, हे शोधणं म्हणजे आमचं काम. त्यासाठी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते ती उलटतपासणी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक गोष्ट शिकले: रुग्णाला ‘काय खाता?’ असं कधी विचारायचं नाही. सगळे एकच उत्तर देतात, “साधंच.” साखर पाचशेवर गेलेला माणूसही साधंच खात असतो. म्हणून मी विचारायची, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? कोणत्या वाटीत वाढलं होतं? वाटी रिकामी झाल्यावर कुणी पुन्हा भरली का? अशा प्रश्नांनी माणूस हळूहळू खरं बोलायला लागतो.

या कामातली एक लढाई मी पूर्ण जिंकले. त्या लढाईत मला तळलेल्या चिकनची बाजू घ्यावी लागली आणि समोर उभं होतं भाजलेलं रताळं. आहारतज्ज्ञ बाईनं असलं वकीलपत्र घ्यावं याचं आमच्या रुग्णालयात अजून हसू होतं. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

सुनीता दौलताबादची. वय चाळीसच्या आसपास. तिचा नवरा भगवान किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकायचा. दोन्ही किडन्या निकामी झाल्यामुळं सुनीताला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिसला यावं लागायचं. तिची धाकटी बहीण मंगल हर्सूलला शिवणकाम करायची. ती आपली एक किडनी द्यायला तयार होती. रक्तगट जुळला होता, तपासण्या जुळल्या होत्या. अडलं होतं ते सुनीताच्या अशक्तपणावर. वजन अडतीस किलोवर आलेलं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं, तेही फार खाली गेलेलं. सर्जननी सरळ सांगितलं होतं, “या अंगावर मी सुरी चालवणार नाही. जखमच भरून यायची नाही. आधी हिला उभी करा.”

उभी करायची कशी? तिला अन्न नकोसं झालं होतं. या आजारात तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव येते. उकडलेल्या अंड्याच्या वासानं ती उलटी करायची. वरण बघून तोंड फिरवायची. मी सांगितलेलं सगळं ती मान हलवून ऐकायची आणि घरी जाऊन त्यातलं काहीच खायची नाही.

एका सोमवारी सकाळी भगवाननं तिला उचलूनच आणलं. पायांत जोर नव्हता, छाती जड झाली होती. हृदयाची ईसीजी पट्टी काढली तर ठोके मंदावलेले. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं की रक्तात पोटॅशियम चढलंय. शिरेतून इंजेक्शनं दिली आणि लगेच मशीनला जोडलं. अर्धा तास सगळ्यांची नजर ठोक्यांच्या पडद्यावर होती. मग ठोके हळूहळू रुळावर आले.

त्याच गडबडीत इन्चार्ज सिस्टरना सुनीताच्या पिशवीत एक खोका सापडला. आत तळलेल्या चिकनचा अर्धा खाल्लेला तुकडा. मला निरोप आला, ताबडतोब वर या.

वर पोचले तर खटला जवळजवळ निकालात निघाला होता. सिस्टर खोका हातात धरून उभ्या होत्या. आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं, स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी. त्यामुळं त्यांचा राग दुप्पट होता.

“बघा मॅडम, तुमच्या पेशंटचं पथ्य!”

डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं, “तुम्ही हिला काय सांगितलं होतंत नक्की?”

भगवान भिंतीला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं.

“कुठून आणलं?”

“उस्मानपुऱ्यातून, मॅडम. काल सांजच्याला. माझीच चूक हाय, तिला काय बोलू नका.”

“आणलं कामून?”

तो म्हणाला, “तिनं मागितलं. दोन महिने झाले, तिनं काहीच मागितलं नव्हतं. भूक लागली म्हणून म्हणली नव्हती. काल म्हणली, काहीतरी कुरकुरीत खावं वाटतंय. मला लई बरं वाटलं मॅडम. पळतच गेलो मी.”

मी वही उघडली आणि माझी नेहमीची तपासणी सुरू केली. गुरुवारी इथून गेल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?

“साधंच,” भगवान म्हणाला.

“साधं म्हणजे?”

“रताळं. भाजलेलं.”

“किती?”

त्यानं मनगटापासून कोपराच्या अलीकडंपर्यंत हात दाखवला. “असं एक. सांजच्याला अजून एक.”

“शुक्रवारी?”

“रताळंच. भाकर तिला गिळवत नाय. मंगल पाठवती रताळी, चुलीतल्या निखाऱ्यात भाजून.”

“शनिवारी?”

“तेच.”

“आणि काल?”

“सकाळी रताळं. रात्री ते चिकन, अर्धा तुकडा. उरलेला सोबत घेतला होता, इथं भूक लागली तर म्हणून.”

मी वही मिटली. मला माझा गुन्हेगार सापडला होता.

इथं थोडं थांबून सांगते. धडधाकट माणसासाठी रताळं उत्तम. पोटभर पिष्ट, भरपूर चोथा, तेल नावाला नाही, शिवाय पोटॅशियम. ते पोटॅशियम आपल्या हृदयाला हवंच असतं आणि जास्त झालं तर किडनी ते लघवीतून बाहेर काढते. पण ज्याची किडनीच बंद, त्याच्या रक्तात ते साचत जातं. गुरुवार ते सोमवार हे डायलिसिसमधलं सगळ्यात लांब अंतर. त्या चार दिवसांत ते इतकं साचू शकतं की हृदय आपला ताल विसरतं. त्यात रताळं निखाऱ्यात भाजलेलं. उकडून पाणी ओतून दिलं तर थोडं तरी पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. भाजल्यावर ते सगळं आतच राहतं.

दुपारी मंगल आली. हर्सूलहून रिक्षानं धावत आलेली, ओढणीवर दोरे तसेच चिकटलेले. मी रताळ्याचं सांगितलं तशी ती चिडली.

“नाय मॅडम, रताळ्यानं कसं होईल? ते तर चालतंय. तुमीच लिवून दिलंय!”

तिनं पर्समधून एक कागद काढला. घडी पडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बसवून घेतलेला. अक्षर माझंच होतं. वर लिहिलं होतं: चिकन, मटण, मासे, अंडी अगदी कमी. खाली: भात, साबुदाणा, बटाटा, रताळं चालेल.

तो कागद मी दोन वर्षांपूर्वी दिलेला. तेव्हा तो अगदी बरोबर होता. किडन्या अर्ध्यामुर्ध्या चालू असताना प्रथिनं कमी द्यायची, म्हणजे त्यांच्यावरचा भार कमी होतो. आणि तेव्हा तिचं पोटॅशियम जागेवर होतं. पण डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा होतो. मशीन रक्तातल्या घाणीबरोबर प्रथिनांचा अंशही काढून नेतं, म्हणून मग प्रथिनं वाढवायची आणि पोटॅशियम आवरायचं. हे मी सुनीताला नंतर तोंडी सांगितलं होतं, मशीनचा आवाज चालू असताना. नवीन कागद मात्र दिला नव्हता. जुन्या कागदावर तारीखही टाकली नव्हती. जो कागद जपून ठेवला, तोच त्यांनी पाळला.

मंगलच्या लक्षात आलं तशी तिनं तो कागद माझ्या हातात परत दिला. “म्हंजी म्या तिला किडनी द्यायला निघाले, अन् म्याच तिला…”

“तू नाही,” मी म्हटलं. “कागद माझा आहे. चूक माझी आहे. आणि हे मी आत्ता डॉक्टरांनाही सांगणार आहे.”

सांगितलं. सोपं नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी इतरांच्या वाट्या मोजल्या होत्या, आता माझीच मोजायची होती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, “ठीक आहे, रताळं बंद. पण ते चिकनही बंद.”

“नाही सर,” मी म्हटलं. “चिकन सुरू.”

सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच डोक्यात पोटॅशियम चढलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी दोन ताटल्या आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. सिस्टरनाही बोलावलं. एका ताटलीत भाजलेलं रताळं, दुसरीत तळलेलं चिकन. आमचे मुख्य आचारी रशीदभाई ते स्वतःच्या घरून झाकून घेऊन आले होते आणि दाराशी पहारा देत उभे होते. वाटेत कुणी डबा उघडून बघितला असता तर आम्हा दोघांचीही चौकशी लागली असती. दोन्ही पदार्थ मी वजनाला सारखे केले.

“सर, वजन सारखं आहे. पोटॅशियम जास्त कशात? रताळ्यात. जवळपास दुप्पट धरा. प्रथिनं कशात? चिकनमध्ये, रताळ्याच्या दहा पटींच्या वर. या बाईला नेमकं काय कमी पडतंय आणि काय जास्त होतंय, ते तुम्हीच मला सांगा.”

“आणि तेल?” डॉक्टर म्हणाले.

“तिचं वजन अडतीस किलो आहे, सर. तेलाला घाबरायची वेळ तिच्यावर यायचीय. आत्ता तेल म्हणजे तिला ताकद.”

“मीठ?”

इथं मात्र मला कबूल करावं लागलं. “मीठ हाच खरा आरोप आहे. दुकानातल्या चिकनला वरच्या आवरणातही मीठ आणि आतल्या मांसातही मुरवलेलं. त्यानं तहान लागते. तहान लागली की पाणी पिणार, आणि लघवी होत नसल्यामुळं ते पाणी फुप्फुसात भरणार. शिवाय तयार मसाल्याच्या पुड्यांमध्ये हाडांना त्रास देणारे क्षार असतात. म्हणून दुकानातलं नको. घरी करायचं, बिनमिठाचं. मी करून दाखवते.”

“अंडं देऊन बघा ना,” सिस्टर म्हणाल्या. “चिकन कशाला?”

“वास येतो तिला. उकडलेलं चिकनही नाही जाणार. ती स्वतःच्या तोंडानं ‘कुरकुरीत’ म्हणाली आहे. दोन महिन्यांत तिनं मागितलेली ही एकच गोष्ट आहे, सिस्टर. ती मी नाकारणार नाही.”

डॉक्टर म्हणाले, “एक महिना. दर आठवड्याला रक्त तपासायचं. पोटॅशियम वर गेलं तर तुमचा प्रयोग बंद.”

सिस्टरनी नियमांचा प्रश्न काढला. मी म्हटलं, आपल्या स्वयंपाकघरात काही शिजणार नाही, ती घरी खाऊन येईल. त्यांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, पेशंट वाचावा असं त्यांनाही वाटतच होतं. आदल्या दिवशी त्या अर्ध्या तासात सुनीताचा हात त्यांनीच धरून ठेवला होता.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात रविवारी रस्सा शिजायचा, तो कुणापासून लपवायचा नसायचा, आणि कुठलं अन्न शुद्ध नि कुठलं अशुद्ध हे वडिलांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. अन्न अंगी लागतं का, एवढंच ते विचारायचे. नोकरीच्या ठिकाणी हे मी कधी बोलले नाही. त्या दिवशी काटा हातात घेताना मात्र वडील फार आठवले.

पुढच्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी शिकवणी भरली. मंगल आली, भगवान आला आणि रशीदभाई तर घरची सुरी घेऊनच आले.

“नमक के बगैर?” त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं. “बाई, बिरयानी में चावल नको बोले तो मैं समझूंगा. पर नमक नको?”

“नको. आणि ते कमी सोडियमचं मीठ म्हणून मिळतं तेही नको. त्यात पोटॅशियमच असतं.”

रशीदभाईंनी डोळे मिटून विचार केला. मग कामाला लागले. चिकनला व्हिनेगर, ठेचलेला लसूण, भरपूर काळी मिरी, थोडं लाल तिखट. आवरणाला तांदळाचं पीठ आणि अंड्यातला पांढरा भाग, म्हणजे अंडंही पोटात जाईल आणि वास यायचा नाही. पहिला घाणा करपला. दुसरा झकास झाला. मंगलनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले.

“यात मीठ नाय? व्हय?”

“खटास और मिर्ची जबान को धोका देती,” रशीदभाई म्हणाले. इतकं खूश मी त्यांना रुग्णालयात कधी पाहिलं नव्हतं. तिथं ते तीस वर्षं मुगाची खिचडी ढवळत होते.

जाताना मी मंगलला नवीन कागद दिला. चिकनचे तुकडे किती आणि केवढे, सोबत भात किती, भाजी कशी बारीक चिरून दोनदा उकळून पाणी ओतून द्यायची, पाणी दिवसाला किती. वर मोठ्या अक्षरात तारीख टाकली आणि खाली लिहिलं, ‘हा कागद एक महिनाच चालेल. नंतर फाडून टाकणे.’

पहिल्या आठवड्यात सुनीतानं रोज एकच तुकडा खाल्ला. पोटॅशियम मर्यादेत आलं. दुसऱ्या आठवड्यात ती दोन तुकडे खायला लागली, सोबत भातही. तिसऱ्या गुरुवारी मशीनवर पडल्या पडल्या तिनं मला हाक मारली.

“मॅडम, माशाचं बी असंच करता येतंय का?”

मी तिच्यासमोर फक्त “येतं की” म्हटलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यात एक फेरी मारली. भूक परत आली होती. आमच्या धंद्यात याहून मोठी बातमी नसते.

महिना संपला तरी डॉक्टरांनी प्रयोग बंद करा म्हटलं नाही. अल्ब्युमिन सावकाश वर सरकत होतं. वजन चाळीस झालं, मग बेचाळीस. मध्ये एकदा सर्दी-तापानं आठवडा वाया गेला आणि सगळे आकडे खाली आले. तेव्हा भगवानचा धीर सुटला. त्याला मी वहीतला आलेख दाखवला. म्हटलं, “किल्ल्यावर चढताना मधे बसतात का नाही लोक?” तो म्हणाला, “बसत्यात. अन् माझ्याकडचे पेरू खात्यात.” सुनीताला पेरू वर्ज्य होता, त्यामुळं ती जी हसली ती खोकला येईपर्यंत.

सहाव्या महिन्यात सर्जननी तिला पुन्हा तपासलं. जुने रिपोर्ट आणि नवे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

“हिला काय दिलंत?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “फ्राइड चिकन, सर. आमच्या मॅडमची ट्रीटमेंट आहे ती.”

असा विजय आयुष्यात एकदाच मिळतो. मी तो मिरवला. रशीदभाईंना खाली जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या दिवशीच्या मुगाच्या खिचडीत हात सैल सोडून तूप घातलं आणि मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी सगळ्या डायलिसिसच्या रुग्णांचे आहाराचे कागद नव्यानं करायला सांगितले, प्रत्येकावर तारीख आणि मुदत घालून. माझ्या जागी आलेली मुलगी अजून तसेच कागद देते. आधीच्या कितीजणांच्या घरात माझे बिनतारखेचे कागद भिंतीवर राहिले असतील, याचा विचार मात्र अधूनमधून छळतो. जे आठवले त्या सगळ्यांना मी फोन केले. सगळे आठवले नसणार.

शस्त्रक्रिया झाली. दोघी बहिणी एकाच दिवशी, शेजारच्या खोल्यांत. नवी किडनी टेबलावरच कामाला लागली, असं सर्जन बाहेर येऊन म्हणाले. भगवान तिथंच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. पुढचे दिवस तो दर तासाला सुनीताच्या लघवीच्या पिशवीत किती जमलं ते नर्सना विचारायचा आणि दौलताबादला फोन करून सांगायचा. तिकडं गावात म्हणे तो आकडा पारावर वाचून दाखवत होते.

लघवीची नळी काढली त्या सकाळी मी तोंडाला मास्क लावून वॉर्डात गेले होते. सुनीता भिंत धरून, एकेक पाऊल टाकत स्वतः संडासापर्यंत चालत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाहेर मंगल उभी होती, पोटावरच्या टाक्यांना हातानं आधार देऊन. तिच्यामागं सिस्टर, सिस्टरच्या मागं भगवान, त्याच्यामागं मी. बराच वेळ झाला. आतून काही आवाज येईना.

मंगलनं दारावर टकटक केलं. “आक्का, झालं का गं? बरी हायेस ना?”

“थांब की जरा!” आतून खणखणीत आवाज आला. “दीड वर्षानं लघवीला आलेय. सावकाश बसू दे मला!”